ताजा अंक ठेवा, जुना द्या

रेकॉर्डिंगच्या धंद्यातल्या माणसाने कोणते मासिक वाचावे, या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण ही मासिके एकाच वेळी दोन कामे करतात. एक, वाचकाला शहाणे करणे. दोन, त्याला खरेदीला पाठवणे. दोन्ही कामे एकाच गुळगुळीत कागदावर, एकाच टायपात आणि पुष्कळदा एकाच पानावर चालतात, त्यामुळे आपण शहाणे होत आहोत की कर्जबाजारी, हे वाचताना लक्षात येत नाही. ते महिनाअखेरीस लक्षात येते. यावर माझे म्हणणे एवढेच आहे की आवाजाच्या धंद्यातल्या मासिकाची लायकी ते ताजे असताना ठरवताच येत नाही. अंक निदान पंधरा-वीस वर्षे पडून राहिला पाहिजे. तेवढ्या काळात त्यातली यंत्रे बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात, मुखपृष्ठावर क्रांती म्हणून छापलेली वस्तू माळ्यावर जाते, आणि त्यानंतरही जे वाचावेसे वाटते तेवढेच ते मासिक. बाकीचा कॅटलॉग. तेव्हा वर्गणी भरायच्या आधी त्या मासिकाचा वीस वर्षांपूर्वीचा अंक मिळवून वाचावा. संपादकांना हा सल्ला आवडणार नाही. रद्दीवाल्यांना आवडेल, आणि या क्षेत्रात त्यांचे मत आजवर कुणी विचारलेले नाही.

नमुना म्हणून १९९०च्या दशकातला कुठलाही अमेरिकन किंवा इंग्रजी अंक उघडावा. त्यात एडॅट नावाचे यंत्र हमखास भेटते. अलेसिस कंपनीने १९९१ साली ते जाहीर केले. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, किंमत सुमारे चार हजार डॉलर, आणि अशी सोळा यंत्रे एकमेकांना जोडली की १२८ ट्रॅक. त्या काळच्या हिशेबाने ही खरोखरच मोठी गोष्ट होती; एरवी एवढ्या सामग्रीसाठी स्टुडिओवाल्याला घर गहाण टाकावे लागे. म्हणून पानेच्या पाने एडॅटवर. ते जोडावे कसे, त्याचे हेड पुसावे कसे, त्याच्या कॅसेटी कोणत्या घ्याव्यात. आज त्या कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत ते त्या वाजवणारे चालू यंत्र शोधत फिरत आहेत. आता त्याच अंकात दहा पाने पुढे जावे. गिटारच्या अँप्लिफायरसमोर कोणता माइक लावावा, यावर एक लेख असतो आणि त्यात शुअरचा एसएम ५७ लावा असे सांगितलेले असते. हा माइक १९६५चा. आजच्या अंकातही तोच लावायला सांगतात. मात्र तो स्पीकरच्या कोनाच्या मधोमध ठेवला तर आवाज टोकदार येतो, दोन इंच कडेला सरकवला तर मऊ होतो, हे ज्या लेखकाने तेव्हा नीट समजावून सांगितले, त्याचा लेख अजून जसाच्या तसा चालतो. वस्तूंबद्दलचा मजकूर शिळा झाला आणि दोन इंचांबद्दलचा टिकला. माझा सगळा युक्तिवाद त्या दोन इंचांवर उभा आहे.

परीक्षणे हा या मासिकांचा मुख्य व्यवसाय, आणि त्यांची भाषा स्थळांच्या जाहिरातींसारखी असते. तिथे जशी कुणी मुलगी कुरूप नसते आणि कुणी मुलगा रिकामटेकडा नसतो, तसे इथे कुठलेही यंत्र वाईट नसते. आवाज ऊबदार असतो, स्वभाव संगीताला पोषक असतो, किंमत जास्त वाटली तरी गुण पाहता वाजवी असते. आणि वीजपुरवठ्याचा अडॅप्टर जरा अवजड आहे, एवढी एकच खोट शेवटच्या परिच्छेदात नोंदवलेली असते. अनुभवी वाचक म्हणूनच परीक्षण खालून वर वाचतो. सर्वांत मौज जुन्या यंत्रांच्या संगणकी नकलांची. १९६७च्या सुमाराचा ११७६ हा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारे यंत्र, घ्या. त्याची प्लगइन आवृत्ती निघाली की अस्सल आणि नक्कल यांत फरक ओळखता येत नाही, असे छापून येते. काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती येते आणि ती अस्सलच्या आणखी जवळ पोचलेली असते. जिथे फरकच उरला नव्हता तिथून आणखी जवळ जायला जागा कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

परीक्षणे मुळीच वाचू नयेत, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांतले सच्चे कोणते, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणला होता का आणि तो कसा आणला, हे लेखकाने सांगितले आहे का, ते पाहावे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि वरचे सूर कानाला वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. जरा मोठा वाजणारा नेहमीच जरा चांगला वाटतो. सभेत तसेच होते, कॉम्प्रेसरमध्येही तसेच होते. पातळ्या जुळवल्याचा उल्लेख नसेल, तर ते परीक्षण नसून कुठले बटण जास्त फिरवले होते त्याची बातमी आहे.

आता मासिकाने काय करावे याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा घरगुती स्पीकर काढला. दिवाणखान्यात ऐकणाऱ्यांना तो आवडला नाही. आवाज कोरडा, कर्कश, खर्ज बेताचा. घरातून नाकारलेला हा स्पीकर स्टुडिओत शिरला आणि बघता बघता लंडनपासून लॉस एंजेलिसपर्यंत प्रत्येक मिक्सिंग टेबलावर जाऊन बसला. पांढऱ्या कोनाची ती काळी जोडी फोटोत दिसली नाही, तर तो स्टुडिओ आहे की बँक अशी शंका येई. त्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, फारच बोचरा होता, म्हणून इंजिनिअरांनी त्यावर टिश्यू पेपर चिकटवायला सुरुवात केली. आणि मग प्रश्न उभा राहिला की टिश्यू कोणत्या कंपनीचा? या विषयावर मोठमोठी माणसे गंभीरपणे वाद घालत. अशा वेळी सामान्य मासिकाने काय केले असते? नामवंतांना विचारून ‘माझा आवडता टिश्यू’ असा परिसंवाद घेतला असता. ‘रेकॉर्डिंग इंजिनिअर प्रोड्यूसर’ या अमेरिकन मासिकाने १९८६ साली बॉब होडस यांचा लेख छापला, आणि होडस यांनी तो कागद चक्क मोजायला घेतला होता. निरनिराळे कागद, त्यांची जाडी, ट्वीटरपासूनचे अंतर, प्रत्येकाचा आलेख. निष्कर्ष असा की कागद वरचे सूर नुसते मऊ करत नाही, तर आवाज त्यावर आपटून परत फिरतो आणि आलेखात दातेरी खड्डे पाडतो. म्हणजे जे सगळे ‘अनुभवाने’ करत होते, ते निम्मेच बरोबर होते. पुढे यामाहाने ट्वीटर बदललेली स्टुडिओ आवृत्ती काढली. तो स्पीकर २००१ साली बंद झाला, मासिकही त्याआधीच मिटले होते, पण लेख आजही वाचनीय आहे. विषय संडासातल्या कागदाचा आणि शिस्त प्रयोगशाळेची, हा संयोग मराठी समीक्षेतही दुर्मीळ आहे.

त्या कथेला एक शेपूटही आहे. इतका कर्कश स्पीकर इतक्या चांगल्या कानांना का भावला, याचे उत्तर इतर अनेक स्टुडिओ स्पीकरांच्या रांगेत त्याला बसवून इंग्लंडमधल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी शोधले, आणि ‘साउंड ऑन साउंड’ने २००८ साली ते सविस्तर सांगितले. थोडक्यात असे की त्याचा आवाज गोड नसला तरी थांबायचा तेव्हा चटकन थांबतो. ढोलाचा ठोका संपल्यावर खोका घुमत राहत नाही, म्हणून मिक्समधला दोष लपत नाही. बोलायचे संपल्यावर गप्प बसणे हा गुण इतका दुर्मीळ आहे की त्यासाठी त्याचा बाकीचा स्वभाव लोकांनी सोसला.

‘साउंड ऑन साउंड’ हे १९८५ साली सुरू झालेले, केंब्रिजजवळून निघणारे इंग्रजी मासिक. वीस वर्षांच्या कसोटीला ते बऱ्यापैकी उतरते. गॉर्डन रीड यांची ‘सिंथ सीक्रेट्स’ ही लेखमाला त्यात १९९९च्या मे महिन्यात सुरू झाली आणि २००४च्या जुलैत, ६३व्या हप्त्याला संपली. सव्वापाच वर्षे. साडेसातीला सव्वादोनच वर्षे कमी. तबकडीसारखा पत्रा, पोकळ नळी, ताणलेले कातडे, घासलेली तार, यांतून आवाज निघतो म्हणजे नेमके काय होते आणि ते विजेच्या मंडलात कसे उभे करायचे, याचा तो अभ्यासक्रम होता. त्यात कुठलेही विशिष्ट यंत्र घेतलेच पाहिजे असे नव्हते, त्यामुळे तो आजही फुकट आणि आजही ताजा आहे. त्याच मासिकातले ‘स्टुडिओ एसओएस’ हे सदर आणखी मजेचे. संपादक मंडळी वाचकाच्या घरी जाऊन त्याचा स्टुडिओ दुरुस्त करून देत, यजमान चहा-बिस्किटे देई, आणि बिस्किटांचा दर्जाही लेखात नोंदवला जाई. वाचकाला वाटे की आपल्याला नवा माइक हवा. पाहुणे स्पीकर भिंतीपासून पुढे ओढत, टेबल फिरवत, गायकाच्या पाठीमागे रजई टांगत आणि निघून जात. रजई घरचीच. जाहिरातींवर चालणारे मासिक आपल्याच पानांत वाचकाला खरेदीपासून परावृत्त करते, हे दृश्य कुठल्याही उद्योगात विरळाच.

अशा घरगुती उपायांचे महत्त्व मुंबई-पुण्यात विशेष आहे, कारण आपला होम स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा फूट बाय दहा फुटांची चौकोनी बेडरूम. ध्वनीचा वेग लक्षात घेतला तर दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून बसतो. खोली चौरस असल्यामुळे दुसऱ्या दोन भिंतीही तोच सूर अडकवतात. बास गिटारच्या ए तारेचा सूर ५५ हर्ट्झ. खोलीच्या मध्यभागी नेमका हा सूर ऐकू येत नाही, आणि आपला तरुण इंजिनिअर तर मध्यभागीच बसलेला असतो. तो म्हणतो, बास कमी पडतोय. वाढवतो. आणखी वाढवतो. मग ते गाणे गाडीत लावले की काचा थरथरतात. या लहरीची लांबी वीस फूट आहे. भिंतीवर डकवलेल्या दोन इंची फोमची ती दखलही घेत नाही. अंड्यांच्या ट्रेची तर नाहीच नाही. उपाय काय, तर खुर्ची दोन फूट मागे किंवा पुढे घेणे आणि कोपऱ्यात खनिज लोकरीचे जाड गठ्ठे उभे करणे. ज्या मासिकाने हे हिशेबासह समजावले त्याने वाचकाचे पुष्कळ पैसे वाचवले. खुर्ची सरकवण्याची मात्र जाहिरात करता येत नाही, म्हणून असा लेख चार महिन्यांतून एकदा येतो आणि नव्या हेडफोनचा दर महिन्याला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जुन्या मंडळींचा. ही विद्या मासिकातून येत नाही, ती उस्तादाच्या मागे उभे राहून येते. हे खरे होते. जेफ एमेरिक १५-१६व्या वर्षी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत मदतनीस म्हणून लागला आणि विशी गाठायच्या सुमारास १९६६ साली बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चा इंजिनिअर झाला. रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून त्याने माइक नियमापेक्षा जवळ नेला, तेव्हा कंपनीच्या शिस्तीत ती आगळीक ठरली होती. हे धाडस करण्याआधी त्याने पुष्कळ दिवस केबल गुंडाळल्या होत्या आणि ज्येष्ठांना पाहिले होते. पण आज केबल गुंडाळायला ठेवणारे मोठे स्टुडिओच थोडे उरलेत. मुंबईतही ऑर्केस्ट्रा मावेल असे हॉल एकामागून एक बंद झाले आणि काम बेडरूममध्ये आले. तिथे उस्ताद नाही, सहायक नाही, फक्त आई मधूनमधून जेवायला हाक मारते आणि ती ट्रॅकवर येते. अशा एकट्या माणसाला ज्येष्ठ सहकारी पुरवणे हेच मासिकाचे खरे काम. ज्येष्ठ माणूस नवे काय घ्यावे हे क्वचितच सांगतो. तो बहुधा ‘हात लावू नकोस’ म्हणतो.

दुसरा आक्षेप तरुणांचा. व्हिडिओ फुकट असताना छापील मजकूर कशाला? याला बळ देणारी वस्तुस्थितीही आहे. १९९२ पासूनचे ‘फ्यूचर म्युझिक’ आणि १९९८ पासूनचे ‘कॉम्प्युटर म्युझिक’ ही दोन्ही ब्रिटिश मासिके २०२४ साली बंद झाली. तरी मला वाचनाची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती भावनेपोटी नाही. आठ तास मिक्सिंग केलेल्या माणसाचे कान थकलेले असतात. त्याने आणखी दोन तास कुणाच्या तरी व्हिडिओत स्नेअरचा आवाज ऐकणे म्हणजे कानांना ओव्हरटाइम. या धंद्यात कान न वापरता अभ्यास करायचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे वाचणे. शिवाय पानावर ‘तेवढे सोडून पुढे’ जाता येते. व्हिडिओत मुद्दा नक्की कुठे आहे हे कळायला आधी पायमोजे विकणाऱ्या प्रायोजकाचे ऐकून घ्यावे लागते. प्रायोजक आहेच, म्हणजे व्हिडिओवाला मासिकवाल्यापेक्षा स्वच्छ आहे अशातलाही भाग नाही.

यातूनच तिसरा, अधिक अवघड आक्षेप येतो. जाहिरातींना नावे ठेवता, पण त्यांच्याशिवाय मासिक चालेल कसे? प्रामाणिकपणे सांगायचे तर चालणार नाही, आणि चालू नये असेही मला वाटत नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंडचा लॅरी क्रेन १९९६ साली ‘टेप ऑप’ काढू लागला तेव्हा ते घरगुती, हाताने जुळवलेले पत्रक होते. पुढे ते देखणे द्वैमासिक झाले, अमेरिकेत त्याची वर्गणी फुकट झाली, आणि फुकट वर्गणीचा अर्थ सरळ आहे, सगळा खर्च जाहिरातदारांचा. तरी ‘टेप ऑप’ वीस वर्षांच्या कसोटीला उतरते, कारण त्याचा गाभा मुलाखतींचा आहे. तळघरात, गोदामात, पडक्या चर्चमध्ये रेकॉर्डिंग करणारी माणसे तिथे कोणते यंत्र वापरले यापेक्षा गायक रडवेला झाला तेव्हा काय केले, ढोलवाला वेळेवर आला नाही तेव्हा काय केले, हे सांगतात. गायक रडवेले होणे अजून बंद पडलेले नाही, म्हणून त्या मुलाखतीही शिळ्या झाल्या नाहीत. जाहिरात शेजारच्या पानावर असली तर हरकत नाही. ती वाक्यात शिरली की संपले. आणि वीस वर्षांनी तर त्या जाहिरातीच सर्वांत करमणुकीच्या वाटतात.

शेवटचा आक्षेप आपला. या सगळ्या साहेबांच्या मासिकांत आमच्या तबल्याचे काय? तानपुऱ्याचे काय? फार थोडे, हे मान्य. पण इथेही माझाच मुद्दा पुढे सरकतो, कारण तबल्यावर वाचावे असा लेख हवा असेल तर नुसते वीस वर्षे मागे जाऊन भागत नाही, शंभर वर्षे मागे जावे लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह दाखवले की मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे कातड्याचे विस्कळीत सूर एकमेकांशी सुसंवादी पटीत येतात, म्हणून आपला तबला षड्जात लागतो आणि पाश्चात्त्यांचा ढोल नुसताच धडधडतो. त्याच सुमारास त्यांनी तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या रुंद घोडीवरही लिहिले. जवारीमुळे तार घोडीला वरचेवर स्पर्श करत राहते आणि वरच्या सुरांची ती झळाळी येते. मिरजेचा तानपुरा बनवणारा कारागीर हे हाताने जाणतोच. पण माइक कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्याने हे वाचले, तर तो घोडीच्या अगदी तोंडाशी माइक घुसवून नुसती भुणभुण नोंदवणार नाही, जरा मागे सरून भोपळ्याचेही ऐकेल. रामन यांनी अर्थातच कुठल्या माइकची शिफारस केलेली नाही. परीक्षक म्हणून ते त्यामुळेच विश्वासार्ह आहेत.

लाज वाटावी असा भाग निराळा आहे. मुंबईच्या सिनेसंगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये पन्नास-साठ वादक आणि मोजके माइक यांतून आवाजाचा तोल कसा साधला जाई, ही विद्या आपल्याकडे होती. ती दर महिन्याला लिहून ठेवणारे कुणी नव्हते. त्या जगाची सविस्तर हकिकत वाचायची तर न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ यांचे २००८चे इंग्रजी पुस्तक काढावे लागते. तिकडे हिंदीत हाथरसहून ‘संगीत’ मासिक स्वातंत्र्याच्या आधीपासून निघत आले, आणि ते सुरू करणारे काका हाथरसी हे हास्यकवी होते. म्हणजे संगीताचे मासिक दीर्घायुषी व्हायला विनोदबुद्धीची अडचण होत नाही. मराठीत गायन-वादनावर लिहिणारी मासिके झाली, ‘संगीत कला विहार’सारखे तर गुरुकुलांच्या आणि परीक्षार्थींच्या पिढ्यांनी वाचले. पण गायकाच्या समोर जो दांडा उभा असतो त्याच्याबद्दल मराठीत अवाक्षर नाही.

तेव्हा कुणी मराठीत असे मासिक काढत असेल, तर निदान दिवाळी अंकापासून सुरुवात करावी. विषयांना तोटा नाही. हार्मोनियमच्या भात्याचा फुसफुसाट. मे महिन्यात पंखा बंद करून किती मिनिटे गाता येते. ढोल-ताशा पथकासमोर माइकच्या आधी माणसाने किती अंतरावर उभे राहावे. भजनी मंडळातले बारा टाळ आणि एकच एकतारी, यांतली एकतारी कशी ऐकवावी. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी कोणत्या सुरात लागते, ती यमनात खपते का. परीक्षणे शक्यतो टाळावीत, पण वार्षिक राशिभविष्य मात्र जरूर असावे. मेषेच्या साउंड इंजिनिअरला कार्तिकात अनपेक्षित खर्चाचे योग, प्रिअँप घेण्याची घाई करू नये. वृषभेला जुने येणे वसूल होण्याची शक्यता कमी, तरी निर्मात्याला फोन करत राहावा. कन्येच्या मंडळींनी खुर्ची दोन फूट मागे घ्यावी. यांपैकी कन्येचे भविष्य तर आजच खरे ठरवता येईल.